पंपिंग नॉर्मल, तरी धाप

“बाई, पंपिंग किती आलंय?”

बार्शीला कुर्डुवाडी रस्त्यावर ३९ वर्षं माझा दवाखाना होता. त्यातली निम्मी वर्षं तरी एकोचा कागद माझ्यापुढे सरकवत माणसं हाच प्रश्न विचारत आली. हृदयाचं सगळं बरंवाईट त्यांनी या एका शब्दात बसवलं होतं. पंपिंग साठ म्हणजे देव पावला. तीस म्हणजे पुण्यामुंबईच्या लेकरांना फोन. मीसुद्धा आधी त्याच आकड्याकडे बघायचे. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर गेलं, एवढंच तो आकडा सांगतो.

१९९१च्या श्रावणात वैरागकडच्या एका खेड्यातून पन्नाशीची एक बाई आली. अंगावर मांस म्हणून नाही, नऊ वर्षांची शुगर. कडब्याच्या दोन पेंढ्या उचलून गोठ्यापर्यंत गेलं की धाप लागायची आणि रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा. मी कार्डिओग्राम काढला. पट्टीत बोट ठेवावं असं काही दिसेना. पुण्याला पाठवलं. तिथे अँजिओग्राफी झाली, शिरा मोकळ्या निघाल्या. एको झाला, पंपिंग ६२. सगळ्या कागदांवर ‘नॉर्मल’ लिहून घेऊन त्या परत आल्या. तेव्हा मी काय बोलले ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. “मावशी, हृदय ठणठणीत आहे. मनाला लावून घेऊ नका.” आणि झोपेची गोळी लिहून दिली. वर्षाच्या आत त्या गेल्या.

त्यांच्या धापेचं कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, अशी मी पुष्कळ वर्षं मनाची समजूत घातली. दवाखाना बंद केल्यावर जुने ग्रंथ आणि शोधनिबंध घेऊन बसले तेव्हा ती समजूत गळून पडली. एर्न्स्ट फोन लायडेन या जर्मन डॉक्टरने १८८१ सालीच लिहून ठेवलं होतं, की मधुमेहाच्या रोग्यांना धाप लागते, त्यांचं हृदय थकतं आणि हे वारंवार दिसतं. १८८८ मध्ये मायर नावाच्या दुसऱ्या जर्मन डॉक्टरने पुढचं पाऊल टाकलं. मधुमेहातला हा हृदयाचा विकार चयापचयाच्या बिघाडातून येतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे मावशी माझ्यासमोर बसल्या तेव्हा या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली होती. मधल्या काळात ती गेली कुठे, हे मला शोधायचं होतं.

ते शोधताना हृदयाच्या अभ्यासाच्या दोन वाटा दिसल्या. एका वाटेवरची माणसं खाटेशी बसून विचारत होती, हृदय चालतं कसं. दुसऱ्या वाटेवरची प्रयोगशाळेत विचारत होती, हृदय खातं काय. दोघांची गाठ फार क्वचित पडली.

पहिली वाट मला घरच्यासारखी. आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी रोग्याच्या छातीवर डावं मधलं बोट ठेवून त्यावर उजव्या बोटाने टकटक करायला शिकवलं होतं. पोकळ आवाज म्हणजे हवा, भरीव आवाज म्हणजे पाणी किंवा मांस. हृदयाची कड कुठवर आली ते अशी बोटं वाजवून काढायची. छाती वाजवून आतलं ओळखण्याची मूळ युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगरची. ग्राझ गावच्या खानावळवाल्याचा हा मुलगा. वडील दारूची पिंपं वाजवून आत कुठवर माल आहे ते बघत, तेच त्याने व्हिएन्नाच्या इस्पितळात माणसाच्या छातीवर केलं, असं सांगतात. १७६१ मध्ये त्याने यावर छोटंसं लॅटिन पुस्तक काढलं आणि जवळजवळ कुणीही त्याची दखल घेतली नाही. गृहस्थाला गाण्याचा कान होता. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्याच्या नावावर आहे. मला ही बाब महत्त्वाची वाटते. ज्याला सुरातला फरक कळतो त्यालाच छातीवरच्या दोन आवाजांतला फरक कळणार.

ते विसरलेलं पुस्तक पॅरिसच्या कोर्विझारने १८०८ मध्ये फ्रेंचमध्ये आणलं. कोर्विझार नेपोलियनचा वैद्य. मनात आणलं असतं तर ही रीत त्याला स्वतःच्या नावावर खपवता आली असती, पण त्याने मूळ माणसाचं नाव पुढे ठेवलं. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. आणि कोर्विझारच्या हाताखाली शिकलेला रने लेनेक १८१६ मध्ये एका तरुण स्त्रीला तपासत होता. हृदयविकाराची लक्षणं होती, बाई स्थूल होती, त्यामुळे बोटांनी काही लागेना. आणि तिच्या छातीला कान लावणं तेव्हाच्या रीतीत बसत नव्हतं. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर, दुसरं कानाला. ठोके इतके स्पष्ट आले की तो चकित झाला. त्याला बासरी वाजवता येत असे, लाकूड कातताही येत असे. साधारण फूटभर लांबीची लाकडी नळी त्याने स्वतः बनवली, १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ४५ वर्षांचा असताना क्षयाने गेला. त्याने नळीतून ज्या रोगाचे आवाज ऐकले त्याच रोगाने.

या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो मात्र जेम्स मॅकेन्झीवर. लँकशायरमधल्या बर्नली या कापडगिरण्यांच्या गावातला हा साधा प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. हृदयाची झडप आखडलेली एक बाळंतीण त्याच्या डोळ्यांसमोर गेली. आपल्याला हे आधी का सांगता आलं नाही, या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. त्याने मनगटाची नाडी आणि मानेची शीर यांच्या लाटा एकाच कागदावर उमटवणारं यंत्र तयार केलं. शाईने लिहिणारं यंत्र त्याला एका घड्याळजीने करून दिलं. पण त्याचा खरा वारसा मला दुसरीकडे दिसतो. हृदयात आवाज कसला येतो यापेक्षा ते हृदय काम किती झेपवतं, हे बघा, असं तो सांगायचा. रोग्याला विचारा, तो किती चढ चढतो आणि कुठे थांबतो. तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच्याकडे येत, म्हणून कुणाच्या हृदयाची शिल्लक किती, हे तो सांगू शकला. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये हृदयरोग्यांच्या ज्या पायऱ्या ठरवल्या, त्यांचा आधार हाच प्रश्न होता. आजही त्या वापरतात. कष्टाने धाप लागते का, साध्या कामाने लागते का, बसल्या जागी लागते का. याला यंत्र लागत नाही.

लायडन विद्यापीठातल्या विलेम आइंटहोवेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या तंतूने हृदयातली वीज कागदावर आणली, त्याची हकिगत सर्वांना ठाऊक असते. त्याचं यंत्र २७० किलोचं होतं, चालवायला पाच माणसं लागत, आणि रोगी हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसे. आपण काढतो ती कार्डिओग्रामची पट्टी तिथून निघाली. पट्टीला वीज कळते. स्नायू उपाशी आहे का, हे तिला सहसा कळत नाही. मावशींची पट्टी म्हणूनच गप्प राहिली.

आता दुसरी वाट. शरीराबाहेर काढलेलं प्राण्याचं हृदय क्षारांच्या पाण्यावर काही वेळ धडधडत ठेवता येतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जमू लागलं. लंडनमध्ये लॉक आणि रोझेनहाइम यांनी १९०७ मध्ये सशाचं हृदय अशा पाण्यावर ठेवलं, त्या पाण्यात साखर घातली आणि काही तासांनी पाण्यातली साखर घटली आहे, हे मोजून दाखवलं. हृदय साखर खातं, हे सिद्ध झालं. मग पुढचा प्रश्न उघड होता: मधुमेही हृदय खातं का?

तो प्रश्न हाती घेतला अर्नेस्ट स्टार्लिंगने. हृदयात रक्त जितकं जास्त भरावं तितक्या जोराने ते आकुंचन पावतं, हा नियम ज्याच्या नावाने प्रत्येक विद्यार्थी घोकतो, तो हा स्टार्लिंग. त्या नियमासाठी त्याने कुत्र्याचं हृदय आणि फुप्फुस जोडून एक मांडणी केली होती. पण आम्हाला कुणी सांगितलं नाही, की त्या नियमाच्या आधी, १९१२ मध्ये, नोल्टनबरोबर त्याने याच मांडणीवर मधुमेहाचा प्रयोग केला होता. स्वादुपिंड काढून मधुमेही केलेल्या कुत्र्यांचं हृदय साखर फारशी वापरत नाही, असं त्यांनी छापलं. मोठी बातमी होती ती. पुढच्याच वर्षी त्याने पॅटरसनबरोबर तो प्रयोग पुन्हा तपासला. हृदयात आधीच साठलेली साखर हिशेबात धरली तर पहिला निष्कर्ष टिकत नाही, असं दिसल्यावर त्याने तेही छापलं. आपलंच म्हणणं असं लगेच मोडून काढणारा माणूस मला थोर वाटतो. पण परिणाम असा झाला, की तोच स्टार्लिंग १९१४च्या शोधनिबंधांतून हृदयाच्या जोराचा नियम देऊन अजरामर झाला आणि भुकेचा प्रश्न मागे पडला. ‘पंप’ हा शब्द आमच्या डोक्यात पक्का बसला तो तिथे, असं माझं मत आहे.

मग १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं. आंबट रक्ताने बेशुद्ध होऊन मरणारी मुलं जगू लागली, दशकानुदशकं मधुमेह घेऊन माणसं म्हातारी होऊ लागली. त्यांच्या हृदयाला पुढे काय होतं, हे दिसायला आता कुठे सवड मिळाली.

जिवंत माणसाच्या हृदयाची भूक मोजायची तर त्याने वापरून टाकलेलं रक्त हाती लागायला हवं. एबर्सवाल्डच्या इस्पितळात व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवली. आपल्यावर हा प्रयोग होतोय असं समजून टेबलावर झोपलेल्या परिचारिकेला त्याने आधीच बांधून ठेवलं होतं, म्हणजे ती अडवायला नको. मग नळी तशीच ठेवून जिना उतरून क्ष-किरण खोलीत गेला आणि फोटो काढून घेतला. त्या वाटेने पुढे गेला रिचर्ड बिंग, जर्मनीतून निघून अमेरिकेत आलेला. १९४०च्या दशकात बाल्टिमोरला, जन्मजात हृदयदोष असलेल्या रोग्यांच्या तपासणीत त्याची नळी एकदा भलत्याच जागी शिरली. आलेलं रक्त नेहमीपेक्षा खूप काळं होतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूतून परतणारं रक्त जिथे गोळा होतं, तीच ती जागा होती. शरीरात इतकं काळं रक्त सहसा कुठेच मिळत नाही, कारण हृदय आपल्या वाट्याच्या प्राणवायूतला मोठा हिस्सा शोषून घेतं.

बिंगने चुकलेल्या वाटेची रीत बनवली. धमनीतलं रक्त आणि हे काळं रक्त, दोन्ही तपासायचं. जे कमी झालं ते हृदयाने खाल्लं. त्यातून कळलं की निरोगी हृदय प्रामुख्याने स्निग्धाम्लांवर, म्हणजे चरबीवर जगतं; साखर, लॅक्टेट, कीटोन, मिळेल तेही घेतं. ३०० ग्रॅमचा हा गोळा दिवसाला लाखभर ठोके देतो, त्यासाठी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट इंधनरेणू रोज घडवतो आणि मोडतो. त्याला निवड करत बसायला वेळ नाही. १९५५ मध्ये बिंगच्या गटाने मधुमेही माणसांच्या हृदयावर हीच तपासणी केली. हा बिंगही संगीतकार होता, स्वरलेखन करणारा. आउएनब्रुगर, लेनेक आणि बिंग. दोन शतकांतल्या या तीन माणसांना सुरांनी जोडलेलं बघून मला खूप आनंद झाला.

१९६३ मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडलने उंदराच्या हृदयावर आणि श्वासपटलावर प्रयोग करून दाखवलं, की चरबीचं ज्वलन वाढलं की पेशी साखरेचं दार ओढून घेते. मधुमेहात रक्तात दोन्ही उतू जातात, पण हृदय जवळपास सगळा भार चरबीवर टाकतं. तेवढ्याच शक्तीसाठी चरबीला प्राणवायू जास्त लागतो. न जळलेली चरबी पेशीत साठते, स्नायूत तंतू वाढतात, भिंत चिवट होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं कोडं तिच्यात आहे. आम्हाला वाटतं, हृदयाचं काम आवळण्याचं. पण आवळलेला स्नायू सैल सोडायलाही शक्ती लागते. पेशीतलं कॅल्शियम पुन्हा कोठारात उचलून ठेवावं लागतं. उपाशी आणि चिवट झालेलं हृदय आधी सैल व्हायला कुरकुरतं. ते नीट पसरत नाही, रक्त आत यायला जागा देत नाही, मागे फुप्फुसात दाब चढतो आणि माणसाला धाप लागते. आत आलेल्या रक्तातलं साठ टक्के ते अजूनही बाहेर टाकत असतं. पंपिंग ६२.

हे पाहणारे दोन गट एकाच सुमाराला पुढे आले. न्यूयॉर्कमध्ये रुबलर आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये चार मधुमेही मृतांची हृदयं तपासली. हृदय थकून गेलेली माणसं, आणि शिरांमध्ये, झडपांमध्ये त्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांचा अभ्यास १९४८ पासून चालू होता. तिथून १९७४ मध्ये आकडे आले. मधुमेही पुरुषांत हृदय थकण्याचा धोका दुपटीहून जास्त, मधुमेही स्त्रियांत पाचपट. स्त्रियांत पाचपट. मी १९७९ मध्ये एमडी झाले, म्हणजे हे छापून पाच वर्षं झाली होती.

मग ते आमच्यापर्यंत का पोचलं नाही? मी एकोला दोष देत नाही. स्वीडनच्या लुंड गावात एडलर आणि हेर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातलं धातूतले तडे शोधणारं यंत्र बघून १९५३ मध्ये हृदयाचे प्रतिध्वनी टिपले, त्या यंत्राने पुढे लाखोंचे जीव वाचवले. दोष आमच्या घाईचा. एकोने एक सोपा आकडा दिला आणि तो आम्ही हृदयाच्या जागी बसवला. हृदय सैल कसं होतं हे डॉप्लरने मोजण्याची पद्धत १९८०च्या दशकात आली होती. माझ्या भागातल्या कागदांवर ती ओळ यायला पुढची पंधरा वर्षं गेली.

दुसरं कारण मावशींच्या अंगकाठीत होतं. शुगर आणि चरबी म्हटलं की जाड माणूस डोळ्यांपुढे येई. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत उलथवली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आत चरबी. ते पान बघताना मला वैरागकडच्या त्या बाईंची हाडकुळी मनगटं आठवली.

आणि उपाय आला तो मूत्रपिंडाच्या बाजूने. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं गेलं होतं. योझेफ फोन मेरिंगने १८८६ मध्ये दाखवलं, की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. त्याच द्रव्याच्या धर्तीवर सव्वाशे वर्षांनी मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या. २०१५ मध्ये ७,०२० मधुमेही रोग्यांवरचा अभ्यास जाहीर झाला. ही गोळी हृदयाला अपाय करत नाही ना, एवढंच मुळात बघायचं होतं. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले, हृदय थकून इस्पितळात भरती होणं ३५ टक्क्यांनी. २०२१ मध्ये मावशींसारख्यांवर, म्हणजे ज्यांचं पंपिंग फारसं घटलेलं नाही तरी धाप लागते अशांवर, याच औषधाचा गुण दिसला. भरती होणं कमी झालं. गोळी नेमकं काय करते यावर अजून वाद आहे. काहींच्या मते ती हृदयाला कीटोनचं थोडं इंधन पुरवते, काहींच्या मते शरीरातलं जास्तीचं मीठपाणी काढून भार हलका करते. पण मायरने १८८८ मध्ये मांडलेला चयापचयाचा विचार पुन्हा खाटेशी आला.

मागच्या उन्हाळ्यात मावशींची सून घरी आली. त्यांचा नवरा, म्हणजे मावशींचा मुलगा, आता पंचावन्नचा. शुगर आहे, चढ चढला की धाप लागते. सोलापुरात एको झाला होता आणि कागदावर पंपिंग ६० होतं. त्याखाली, हृदय सैल व्हायला वेळ घेतं, अशी ओळ होती. ही नवी गोळी सुरू झाली होती, ती कशासाठी एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. मी विचारलं, रात्री किती उशा घेतात. आधी तीन, आता एक, त्या म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मूठ आवळून आणि सैल सोडून दाखवलं.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. “आत्याबाईंनाबी असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नॉर्मल सांगितल्यावर घरात सगळे म्हणायचे, कामाचा कंटाळा. मीबी म्हणायचे. कडबा मी आणायचे आणि बोलायचे त्यांना. म्हणजे त्या सोंग करत नव्हत्या?”

“नव्हत्या,” मी म्हणाले. “त्या खरं सांगत होत्या. मला ऐकू आलं नाही.”